शनिवारची विलायती पोथी

आमच्या थोरल्या साडूंइतका चिकट वाचक अख्ख्या वेल्हे तालुक्यात नाही, शेजारच्या भोर तालुक्यात नाही, आणि पुण्यात कुणी असलाच तर तो अजून मला भेटायचा आहे. वाचक म्हटलं की आपल्याला वाटतं, माणूस ढिगाने पुस्तकं वाचत असेल. छे! साडूंनी गेल्या दोन वर्षांत एकच पुस्तक वाचलं, आणि तेही दीडशे पानांचं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक छोटीशी इंग्रजी कादंबरी. कुणी साधा माणूस असता तर दोन दुपारांत हातावेगळी करून मोकळा झाला असता. साडूंना कधीकधी एका पानाला दोन शनिवार लागायचे. एकदा त्या पुस्तकातल्या एका दाराच्या कडीवर ते माझ्या पडवीत अडकून बसले. मी मधल्या वेळात बाजारात गेलो, वांगी घेतली, भाव जास्त लावला म्हणून भांडलो, वांगी परत दिली आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आलो, तरी साडू कडीवरच होते.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार विंझर. चार खाचरं भाताची, एक म्हैस, आणि हायस्कुलात इंग्रजी शिकवून मिळालेली पेन्शन. मी वेल्ह्याच्या तहसील कचेरीतला निवृत्त अव्वल कारकून. उभा जन्म वाटपाच्या आणि बांधाच्या तक्रारी वाचण्यात गेला, त्यामुळे माणसं आपण होऊन गोड वागतील यावर माझा फारसा विश्वास नाही. साडू मला 'भाऊसाहेब' म्हणतात आणि माझी बायको त्यांना 'दाजी' म्हणते. दाजी आले की घरात माझी किंमत एकदम निम्म्यावर येते. चहात आलं पडतं. एरवी मला आलं मागावं लागतं.

त्या पुस्तकाचं खूळ कुठून शिरलं, ते सांगतो. साडूंचा एकुलता मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी इंग्लंडला गेला आणि तिकडचाच झाला. नात तिथंच जन्मली, आता सोळाची होईल. पोर गुणाची, पण मराठी तिला अर्धीमुर्धी येते. समजतं बहुतेक, बोलताना अडखळते. दर रविवारी फोन व्हायचा. साडू म्हणायचे, "जेवलीस का बाळ?" ती म्हणायची, "हो आजोबा." साडू म्हणायचे, "अभ्यास कसा चाललाय?" ती म्हणायची, "चांगला." मग दोघंही गप्प. शेवटी साडू म्हणायचे, "बरं, बाबाला दे." एवढ्यासाठी हा माणूस सकाळपासून फोन चार्ज करून, शर्ट बदलून बसलेला असायचा! फोन ठेवल्यावर ते तडक उठून म्हशीला पाणी दाखवायला जायचे. म्हैस नुकतीच पाणी प्यायलेली असायची.

मग नातीच्या शाळेत ही कादंबरी लागली. त्यांच्या परीक्षेची तऱ्हाच न्यारी. पुस्तकातली महत्त्वाची वाक्यं तोंडपाठ करायची आणि प्रत्येक वाक्यात लेखकाने काय कसब केलंय ते उकलून दाखवायचं. हाच शब्द का घातला, इथेच का घातला, त्याच्या मागे काय दडवलं. पोरीला त्यात जेमतेम मार्क पडले. तेव्हा मुलगा सहज म्हणून गेला, "अण्णा, तुम्ही इंग्रजीचे मास्तर ना, तिला तेवढं सांगा की." साडूंनी ती कादंबरी जन्मात पाहिलेली नव्हती. पण ते ताबडतोब म्हणाले, "व्हय, सांगतो की, त्यात काय!" आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने पुण्याला जाऊन जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळून एक फाटकी प्रत पैदा केली. परतीच्या एसटीत वाचायला जे बसले, ते विंझर आलं-गेलं तरी उठले नाहीत. गाडी वेल्ह्याला येऊन थांबली तेव्हा कंडक्टरने त्यांना हलवून उतरवलं. तसेच ते माझ्या दारात हजर झाले आणि चपला काढायच्या आधी म्हणाले, "भाऊसाहेब, ह्ये तर आपल्याच भावकीचं हाय!"

गोष्ट खरंच तशी होती. एका इंग्रजी गावात दोन भाऊ. बापाचं दिवे विकायचं दुकान, मागे घर. बाप गेल्यावर भांडण झालं आणि थोरल्याने घराच्या मधोमध विटांची भिंत घातली. थोरल्याच्या बाजूला चूल आली आणि धाकट्याच्या बाजूला विहीर. म्हणजे एकाकडे पाणी नाही आणि दुसऱ्याकडे विस्तव नाही. मी विचारलं, "मोजणी आणली होती का?" साडू म्हणाले, "न्हाई." मी म्हणालो, "मग भिंत बेकायदा. धाकट्याने अर्ज करायला पाहिजे होता." साडूंनी माझ्याकडे अशा काही दयेने पाहिलं की काय सांगू. म्हणाले, "लेखकानं चूल एकीकडं आन् विहीर एकीकडं का ठिवली, सांगा बरं?" मी म्हणालो, "नकाशा तसा असेल." त्यावर ते पाऊण तास बोलले. तेव्हाच मी ओळखलं, की हे प्रकरण लांबणार.

रविवारच्या फोनऐवजी शनिवारची शिकवणी ठरली, आणि पहिली विंझरला झाली, गोठ्यात. कारण डोंगराच्या कुशीतल्या त्या घरात मोबाईलला व्हिडिओपुरती रेंज येते ती फक्त म्हशीच्या डोक्यापाशी. साडू दिव्याच्या दुकानाचं वर्णन सांगायला लागले की म्हैस हंबरायची, आणि नात म्हणायची, "आजोबा, तिला दाखवा ना!" दोन शनिवार असे म्हशीने खाल्ले. तिसऱ्या शनिवारी साडू पुस्तक काखोटीला मारून वेल्ह्याला आले, कारण माझ्या पडवीत रेंज पक्की. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी माझी पडवी साडूंच्या ताब्यात गेली. तिथे मी दुपारी लवंडायचो, ते बंद झालं. तक्रार कुणाकडे करणार?

साडूंची शिकवायची पद्धत पाहून मी थक्कच झालो. त्यांचे वडील चातुर्मासात गावच्या देवळात पोथी सांगायचे. एकाने ओवी वाचायची, वडिलांनी तिचा अर्थ सांगायचा, की पुढची ओवी. साडू लहानपणी ते ऐकतच वाढले, आणि चांगलं पुस्तक वाचायची दुसरी कुठली रीत असू शकते हे त्यांच्या गावीही नव्हतं. हायस्कुलात वरिष्ठांच्या धाकाने दाबून ठेवलेली ही हौस आता उफाळून आली. आल्याबरोबर हातपाय धुवायचे. पाट मागायचा. पाटावर स्वच्छ पंचा, पंच्यावर ती विलायती कादंबरी. तिकडून नातीने एक वाक्य वाचायचं, इकडून आजोबांनी अर्थ सांगायचा. थोडं इंग्रजी, थोडं मराठी, आणि रंगात आले की निव्वळ विंझरी. तिसऱ्या-चौथ्या शनिवारनंतर साडूंच्या सूनबाईंचा माझ्या बायकोला फोन आला. "मावशी, अण्णांनी हिला काय सांगितलंय? आंघोळ केल्याशिवाय पुस्तकाला हात लावत नाही. शाळेत बाईंनी पुस्तक उघडायला सांगितलं तर हात धुवायला गेली!" मी साडूंना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "मग? काय वाईट झालं? इंग्रजांच्या पोरांनीबी धुवावेत."

त्यांच्या खिशात तीन रंगांच्या पेन्सिली असायच्या. तांबडी लेखकाने सांगितलेल्या गोष्टीसाठी, निळी त्याने पुन्हा पुन्हा सांगितलेल्या गोष्टीसाठी, आणि हिरवी त्याने मुद्दाम न सांगितलेल्या गोष्टीसाठी. न सांगितलेल्या गोष्टीखाली रेघ कशी मारायची, हे मला आजतागायत समजलेलं नाही, पण पुस्तकभर सगळ्यात जास्त हिरवंच होतं. "लेखक काय खुळा न्हाई भाऊसाहेब," हे त्यांचं पालुपद. लेखकाच्या हातून चूक होते, त्याला कंटाळा येतो, त्याची शाई संपते, असलं काही त्यांना मान्यच नव्हतं. बरं, हे खूळ पुस्तकापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. आंबवड्याला एका लग्नाला गेलो, तर पत्रिकेत मुलाच्या काकांचं नाव सगळ्यात खाली का, यावर साडूंनी भर पंगतीत विचार सुरू केला. "खाली घातलं म्हंजी कायतरी हाय." होतंच! काका दोन पानं सोडून जेवत होते. त्यांनी ऐकलं, आणि जिलबी यायच्या आत तिथे जे काही जुनं उकरून निघालं, त्यातून मी साडूंना हाताला धरून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर ते विजयाने म्हणाले, "बघा, म्हनलं नव्हतं?"

आणि ते धुकं! कादंबरीत ज्या दिवशी भिंत उभी राहते त्या दिवशी गावात दाट धुकं पडतं. नात म्हणाली, शाळेतल्या बाई सांगतात की हे धुकं म्हणजे भावांच्या मनातला गोंधळ. साडूंना ते पटलं, पण पुरलं नाही. श्रावणाचे दिवस होते. त्यांनी मला हाताला धरून अंगणात नेलं आणि तोरण्याकडे बोट केलं. तोरणा दिसत नव्हताच. "भाऊसाहेब, ह्ये धुकं कशाचं?" मी म्हणालो, "पावसाचं." "न्हाई. नीट बघा." मी नीट बघितलं. पावसाचंच होतं. ते तसेच पडवीत गेले आणि नातीला म्हणाले, "बाळ, आमच्याकडं पंधरा-पंधरा दिवस डोंगर दिसत न्हाई. पण वाट चालताना कुणी ध्यानातनं सोडतं का त्याला? भिंतीपल्याडचा भाऊ तसा हाय." मी दारात उभा होतो. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. चौतीस वर्षं बांधाचे कागद वाचले, पण कुणी असं लिहून आणलं नव्हतं. अर्थात मी ते बोललो नाही, नाहीतर आणखी पाऊण तास गेला असता.

पोरीने ते जसंच्या तसं निबंधात लिहिलं, तोरण्याच्या नावानिशी. बाईंनी समासात मोठं प्रश्नचिन्ह काढलं, की हे तोरणा कोण? झालं! साडूंनी बाईंना चार पानी इंग्रजी पत्र लिहिलं. सोबत हाताने काढलेला नकाशा, त्यात विंझर, वेल्हे, किल्ला, एसटीचा रस्ता आणि माझं घर. माझं घर कशाला, विचारलं तर म्हणाले, "रेंज हितं येती, ते बाईंना कळायला नको?" पत्र पाठवण्यापूर्वी ते तहसीलदारांना दाखवून आणा म्हणून माझ्या मागे लागले होते. मी कसाबसा टाळला तो प्रसंग. पण बाई भल्या निघाल्या. त्यांनी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं आणि उलट निरोप पाठवला, की पुढच्या धड्यावरही आजोबांचं मत कळवावं. त्या आठवड्यात साडू विंझर ते वेल्हे प्रवासात ज्यांना ज्यांना भेटले, त्या सगळ्यांना विलायतेहून निरोप आल्याचं कळलं.

इंग्रजांचा त्यांना राग आला तो एकाच बाबतीत. तिकडे मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये घड्याळ एक तास मागे-पुढे करतात. ऑक्टोबरच्या शेवटी साडू नेहमीप्रमाणे अडीचला हातपाय धुऊन पाटासमोर बसले, आणि फोन आला साडेतीनला. मधला तासभर त्यांनी कसा काढला ते मला ठाऊक. "विसरली असंल. कंटाळली असंल. मीच लई बोलतो." असं पुटपुटत दहा वेळा फोन उलटासुलटा करून पाहिला. शेवटी खुलासा झाला तेव्हा ते इतके भडकले की म्हणाले, "सूर्य काय ह्यांच्या बापाचा हाय का?" मात्र त्या तासात त्यांचा चेहरा मी पाहिला होता. त्यानंतर त्यांच्या पुस्तकाला नावं ठेवायची माझी धार जरा बोथट झाली.

पण कहर झाला तो धाकट्या भावाची छोकरी तापाने दगावते त्या प्रकरणाला. धाकट्याच्या घरात चूल नाही, हिवाळा कडाक्याचा, आणि पलीकडे भिंतीला टेकून थोरल्याची शेगडी पेटलेली. नात वाचत होती. वाचता वाचता तिचा आवाज बसला. इकडे माझी बायको निवडायची मेथी हातात धरून दाराआड उभी. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नाही, पण डोळे पुसत होती. प्रकरण संपलं, वेळही संपली. पोरीला पोहायच्या क्लासला जायचं होतं. ती म्हणाली, "आजोबा, आता थांबू या." साडू ताडकन म्हणाले, "हितं? हितं न्हाई थांबायचं! वाईटावर पोथी मिटत न्हाईत. पुढं वाच, कायतरी बरं घडेपर्यंत वाच." आता आली का पंचाईत! पुढच्या पानावर अंत्ययात्रा. त्याच्या पुढच्या पानावर बर्फ. मग धाकट्याची बायको आजारी. मग दुकानाला कुलूप. त्या लेखकाच्या हाताला काही चांगलं म्हणून लागेना! पोर वाचतेय, साडू "पुढं, पुढं" म्हणतायत, तिकडून तिची आई गाडीची किल्ली वाजवतेय. अखेर तेराव्या पानावर शेजारणीच्या मांजरीला तीन पिल्लं झाली. साडूंनी पाटाला हात जोडले आणि म्हणाले, "आता मीट." पोहणं अर्थातच बुडालं. सूनबाईंनी नवऱ्याला फैलावर घेतलं, मुलाने बापाला बोलून घेतलं, बापाने मला ऐकवलं. पण पुढच्या शनिवारी नात आपणहून म्हणाली, की वर्गातल्या दोन मैत्रिणी त्या प्रकरणाला रडत बसल्या होत्या, तेव्हा तिने त्यांना सांगितलं, मांजरीपर्यंत वाचा.

एकच गोष्ट मला खुपायची. हा माणूस तास-तासभर नातीशी बोलायचा, आणि पुस्तक सोडून एक शब्द नाही. पोरगी कधी सर्दीने घोगरी झालेली असायची, कधी हिरमुसलेली दिसायची. हे आपले तांबड्या पेन्सिलीत. एकदा फोन ठेवल्यावर मी तडकलोच. "अहो, माणूस आहात का कोण? त्या पोरीला कधीतरी विचारा, कशी आहेस, मैत्रिणी कोण, काय आवडतं. मेलेल्या भावांचं काय घेऊन बसलाय!" साडूंनी पुस्तक पंच्यात गुंडाळलं. गुंडाळता गुंडाळताच म्हणाले, "विचारलं की ती 'बरी हाय' म्हणती भाऊसाहेब. मग मला पुढं काय बोलावं सुचत न्हाई, तिलाबी सुचत न्हाई. तिला माझी भाषा अर्धी येती. तिचं जग मला अजाबात येत न्हाई. ह्ये पुस्तक तेवढं दोघांना येतं." मी आत वळलो. बायकोला म्हटलं, चहा टाक.

परीक्षा मे महिन्यात होती. मार्च संपला आणि मला वेगळंच काही जाणवायला लागलं. पुस्तकाची शेवटची चार पानं उरली होती आणि साडू त्यात पुढे सरकेनात. आधीच एका पानाला दोन शनिवार लावणारा माणूस, आता एका ओळीला एक लावायला लागला. मध्येच म्हणायचे, "ती मागची कडी आपण घाईनं केली, पुन्हा बघू." कडी पुन्हा! नात बिचारी "हो आजोबा" म्हणून पानं उलटायची. एप्रिल सरत आला तेव्हा सूनबाईंचा फोन आला, रडवेला. "मावशी, काकांना सांगा हो. परीक्षा तोंडावर आलीय, शेवटावर प्रश्न हमखास असतो, आणि अण्णा शेवट सांगतच नाहीत. ती म्हणते, आजोबांनी सांगितल्याशिवाय मी वाचणार नाही. मी काय करू?"

त्या शनिवारी शिकवणी झाल्यावर मी साडूंसमोर खुर्ची ओढून बसलो. कचेरीत लाचखाऊ तलाठ्यासमोर बसायचो तसाच. म्हटलं, "शेवट का सांगत नाही?" ते म्हणाले, "सांगू की. अजून येळ हाय." मी म्हटलं, "पंधरा दिवस म्हणजे वेळ? खरं बोला." त्यांनी तिन्ही पेन्सिली गोळा करून खिशात घातल्या. मग म्हणाले, "पोथी संपली की लोकं उठून जात्यात, भाऊसाहेब. वडलांच्या येळी बघितलंय म्या. तवर देऊळ भरल्यालं. आरती झाली, परसाद वाटला, की वडील एकटंच सतरंजी झाडत बसायचं."

ते माझ्या मनाला भिडलं. पण मला काही भिडलं की राग येतो, हा माझा स्वभावदोष. मी ओरडलो, "आणि तुमची सतरंजी भरलेली राहावी म्हणून पोरीला नापास करताय? ती तुमच्यावर विसंबून बसलीय तिकडे! लाज वाटते का काही?" बायको आतून धावत आली. साडूंचा चेहरा एवढासा झाला. समोर आल्याचा चहा होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. पंच्यात बांधलेलं पुस्तक काखेत घेतलं आणि एसटीला अजून तास असताना स्टँडवर जाऊन बसले. त्या रात्री बायको माझ्याशी बोलली नाही. म्हणजे बोलली, पण जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या शनिवारी ते आले. मला वाटलं होतं, येणार नाहीत. हातपाय धुतले, पाट मांडला, आणि नातीला म्हणाले, "आज संपवायचं." एका बैठकीत चारही पानं. थोरला भाऊ म्हातारा होतो, एके सकाळी उठतो आणि आपल्याच भिंतीची एक वीट काढतो. मग दुसरी. भोकातून पलीकडे हात घालतो, आणि तिथेच लेखकाने कादंबरी संपवली आहे. पलीकडून कुणी तो हात धरला की नाही, काही लिहिलेलं नाही. माझं मत विचाराल तर मी माझ्या नोकरीत अशी एकही भिंत निघालेली पाहिली नाही. पण मला कुणी विचारलं नाही. साडूंनी प्रत्येक वाक्य उकललं, परीक्षेत काय येईल ते सांगितलं, काय लिहायचं ते सांगितलं. फाफटपसारा नाही, विंझर नाही, तोरणा नाही. असं स्वच्छ शिकवणं मी ऐकलं नव्हतं. शेवटी नात म्हणाली, "थँक्यू आजोबा. बाय." साडू म्हणाले, "बाय बाळ." आणि फोन बंद झाल्यावर त्यांनी स्वतःच पाट उचलून आत नेऊन ठेवला.

परीक्षा झाली. पेपर चांगला गेल्याचा मुलाचा मेसेज आला. त्यानंतर पहिल्या शनिवारी, भाताच्या रोपांचा तरवा टाकायची घाई चाललेली, सगळं विंझर शेतात, आणि हे आपले दुपारच्या एसटीने माझ्या दारात. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, काखेत पुस्तक नाही. म्हणाले, "सहज आलो." मी म्हटलं, "बरं केलंत." पडवीत बसलो. अडीच वाजले. तीन वाजले. मी पावसाबद्दल बोललो, ते "व्हय" म्हणाले. मी खताच्या भावाबद्दल बोललो, ते "व्हय" म्हणाले. बायकोने दोनदा चहा केला, दोन्हीत आलं. सव्वातीन झाले. फोन त्यांच्या मांडीवर होता आणि ते फोनकडे सोडून सगळीकडे बघत होते. साडेतीनला मी म्हटलं, "तुम्हीच लावा ना." ते म्हणाले, "लावून सांगू काय?" पावणेचारला ते उठले. चारची एसटी होती. त्यांनी टोपी घातली, आणि फोन वाजला.

नात होती. मी अगदी शेजारी होतो, त्यामुळे स्पष्ट ऐकू आलं. "सॉरी आजोबा, उठायला उशीर झाला." साडू म्हणाले, "असू दे, असू दे." मग ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही कसे आहात?"

दीडशे पानांतलं अक्षर न् अक्षर उकलणारा हा माणूस! फोन कानाला, डोळे माझ्याकडे. हाताने मला खुणावतायत, काय सांगू, काय सांगू? 'बरा हाय' म्हणाले असते तर तिथेच संपलं असतं, आणि ते त्यांना कळत होतं. मी दातओठ खात हळूच म्हटलं, "अहो, खरं काय ते सांगा की!"

साडूंनी घसा साफ केला. म्हणाले, "गुडघा दुखतो गं."

"कुठला?" पलीकडून आलं.

"डावा."

"कधीपासून?"

साडू टोपीसकट खाली बसले. "म्हंजी बघ, ते लई जुनं हाय. तुझा बाबा लहान व्हता तवा..." मी उठलो आणि आत गेलो. त्यांच्या डोळ्यांना पाणी लागलेलं मला बघायचं नव्हतं, आणि माझं त्यांना दाखवायचं नव्हतं. बायकोने विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, गुडघ्याचं चाललंय. पुढच्या शनिवारी पोरगी फोन करील की नाही, मला ठाऊक नाही. ती आता कॉलेजात जाईल, तिचं तिचं जग वाढेल, आणि साडूंना दोनच गुडघे आहेत. पण त्या दिवशी पडवीतून त्यांचा आवाज येतच राहिला, मधूनमधून तिचं हसूही. बाहेर एसटीने हॉर्न दिला, थोडी थांबली, आणि विंझरच्या दिशेने निघून गेली. साडू उठले नाहीत.